डोलकाठी आणि भावोजींचा कान

माझ्या बहिणीच्या घरातलं बाथरूमचं दार अर्धं वर्ष पुरतं लागत नाही. कडी ठणठणीत आहे. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून डोलकाठीचं टोक आत आलेलं असतं, म्हणून लागत नाही. स्वयंपाकघरापासून मागच्या खोलीपर्यंत जो अरुंद बोळ आहे त्याच्या छताला भावोजींनी आकडे ठोकलेत, आणि थंडी सुरू झाली की होडीची डोलकाठी त्या आकड्यांवर जाऊन निजते. बोळ काठीपेक्षा हातभर आखूड आहे, तो हातभर तुकडा बाथरूममध्ये. पाहुणे आत गेले की मोठ्याने गाणं म्हणतात, म्हणजे बाहेरच्यांना कळावं.

मी एकदा म्हटलं, "भावोजी, होडीला शेडमध्ये ठेवता आणि काठीला घरजावई केलंय, हा काय न्याय?"

"लाकूड आहे ते, मेहुणीबाई. शेडमध्ये ओल असते. वाकलं म्हणजे?"

"आणि आमची ताई वाकून वाकून कुबडी झाली म्हणजे?" कारण ताई उंच आहे आणि बोळातून जाताना तिला दर वेळी मान खाली घालावी लागते. भावोजी बुटके. ते ताठ मानेने ये-जा करतात.

भावोजींचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान आहे. गिटारच्या तारा बदलतात, व्हायोलिनची चिकटलेली खुंटी सोडवतात, लोकांच्या घरी जाऊन पियानो लावून देतात. हे सगळं ते कानाने करतात, आणि बाकीचा संसारही कानानेच करतात. टरबूज घेताना वाजवून घेतात. वॉशिंग मशीनच्या आवाजावरून आत किती कपडे आहेत ते सांगतात. ताईने पातेलं ओट्यावर कसं ठेवलं यावरून तिचा मूडही ओळखतात, तो मात्र हटकून चुकीचा. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नाही. काही नीट ऐकायचं असलं की आधी चष्मा काढतात. का, असं विचारलं तर म्हणतात, मध्ये येतो.

त्यांची होडी लहान आहे. दोघं आरामात बसतात, तिसरा बसला तर पस्तावतो. हंगाम सुरू झाला की काठी आकड्यांवरून खाली येते आणि तळ्याकाठी ती होडीत उभी करायचा सोहळा होतो. पुढच्या बसायच्या फळीला एक गोल भोक आहे. काठी त्यातून खाली घालायची, तिचा पाय तळाच्या खोबणीत बसवायचा, भोकात चामड्याच्या पाचरी ठोकून ती घट्ट करायची. मग वरून येणाऱ्या तीन तारा ओढून बांधायच्या, एक पुढे नाकाशी, एक डाव्या काठाला, एक उजव्या. प्रत्येक तारेच्या खाली ताणायचा स्क्रू असतो. डाव्या-उजव्या तारांचा ताण सारखा हवा, नाहीतर काठी जास्त ताणलेल्या बाजूला वाकते आणि मग शीड नीट चढत नाही.

बाकीचे लोक स्क्रू फिरवतात, लांब जाऊन एक डोळा मिटून बघतात, परत येऊन फिरवतात. भावोजींना यात कमीपणा वाटतो. ते खिशातून दोन छोटे लाकडी शिकंजे काढतात, त्यांनी स्वतःच बनवलेले. दोन्ही तारांना खालून सारख्याच उंचीवर ते आवळतात, म्हणजे तारेचा तेवढाच तुकडा वाजतो. मग चष्मा काढून टोपीत ठेवतात, डोळे मिटतात आणि तार छेडतात. डावी, उजवी, पुन्हा डावी. दोन्ही एका सुरात बोलल्या की ताण सारखा, आणि ताण सारखा म्हणजे काठी सरळ. आजूबाजूचे होडीवाले हसतात. पण काठी दरवर्षी सरळ असते, हे मलाही नाइलाजाने मान्य करावं लागतं.

यंदा थंडीत मात्र पियानो शिकवणाऱ्या बाईंनी घोळ घातला. भावोजींनी त्यांचा पियानो लावून दिला आणि थोड्याच दिवसांत बाईंचा फोन आला की वरच्या पट्ट्या बरोबर वाजत नाहीत. बाई भांडखोर असत्या तर बरं झालं असतं, भावोजींनी भांडून घेतलं असतं. पण त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "वय झालं की होतं हो असं. माझंही होतंय." ते भावोजींच्या जिव्हारी लागलं. ते परत बाईंकडे गेलेच नाहीत. दुकानाच्या शटरवर 'काही दिवस बंद' असा कागद चिकटवला आणि घरी बसून रेडिओचा आवाज कमी कमी करत बघायला लागले, कुठपर्यंत ऐकू येतो ते.

त्यांच्या दुकानाला लागून एका चष्मेवाल्याचं दुकान आहे. त्याला ही जागा कधीपासून हवी होती. माणूस वाईट नाही, पण बंद शटर दिसल्यावर त्याने विचारलंच. भावोजी म्हणाले, सोमवारी सांगतो.

शनिवारी दुपारी ताईचा फोन आला. कुजबुजत बोलत होती.

"हळू का बोलतेस?" मी विचारलं.

"हे आत आहेत. ऐकतील."

"त्यांना ऐकू येत नाही म्हणून तर तुमच्याकडे सुतक पडलंय ना?"

"सगळं ऐकू येतं गं त्यांना! तेच तर सांगते मी, पण माझं कोण ऐकतंय?" मग आणखी आवाज खाली आणून म्हणाली, "ऐक. उद्या काठी उभी करायची म्हणतात. म्हणाले, तारा माझ्या कानाने लावतो. काठी सरळ राहिली तर सोमवारी शटर उघडतो, नाही राहिली तर चष्मेवाल्याला किल्ली देऊन टाकतो."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, लावा की! दरवर्षी सरळच असते." तिच्या आवाजात इतका आनंद होता की 'आणि नाही राहिली तर?' हे मी विचारलंच नाही. तिच्या मते नवरा घराबाहेर पडतोय यातच सगळं आलं. "तू पण ये हं. काठी मला एकटीला धरवत नाही. आणि हे चिडले तर उलट चिडायला कुणीतरी हवं."

या कामाला मी जन्मापासून लायक आहे. शिवाय खरं सांगायचं तर त्या रात्री मला झोप लागली नाही. भावोजींची चेष्टा करायला मला एक आयुष्य पुरायचं नाही, पण ते दुकान गेलेले भावोजी मला बघायचे नव्हते. ज्या माणसाला आपण इतकं छळतो तो जागच्या जागी असायला हवा, नाहीतर छळायचं कुणाला?

रविवारी सकाळी आम्ही तळ्यावर पोचलो. काठी सुरेख दिसत होती. ताईने थंडीत बोळातच स्टुलावर चढून तिला पॉलिश पेपर मारला होता, वार्निशचे हात दिले होते, टोकाच्या कप्पीत तेल घातलं होतं. घरातल्या दारांना गेल्या कित्येक वर्षांत रंग नाही, पण काठीत तोंड बघून भांग पाडता आला असता.

उभं करायचं काम मात्र नेहमीसारखंच झालं. ताई आणि मी काठीला मिठी मारून उभ्या, आणि भावोजी होडीत उकिडवे बसून तिचा पाय भोकात घालतायत.

"डावीकडे! अगं डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे?" मी ओरडले.

"होडीच्या!"

"होडीचं तोंड कुठे आहे?"

"मेहुणीबाई, तुम्ही फक्त धरा. विचार करू नका."

काठी खोबणीत उतरली, ठक असा आवाज झाला. भावोजींनी मान हलवली. "उचला परत. आवाज पोकळ आला. खाली काहीतरी आहे."

आम्ही कण्हत काठी उचलली. त्यांनी खोबणीत बोट घातलं आणि हरभऱ्याएवढा खडा काढला. ताईने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही तिनेच तो खडा जन्माला घातला होता. "बघा!" ती भावोजींना म्हणाली. "कळलं की नाही तुम्हाला?"

"हे बहिऱ्यालाही कळलं असतं," भावोजी म्हणाले आणि पाचरी ठोकायला लागले.

पुढची तार बांधून झाली. मग डावी, मग उजवी. शिकंजे आवळले. चष्मा टोपीत गेला, टोपी फळीवर. भावोजींनी डोळे मिटले. मी शेंगदाणे खात होते, तेसुद्धा चावायचे थांबवले. तार बोलली, दुसरी बोलली, स्क्रू थोडा फिरला. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. एरवी भराभर उरकणारा माणूस त्या दिवशी एकेका तारेपाशी कान लावून बसला होता. ताईचे ओठ हलत होते.

"जुळल्या," ते शेवटी म्हणाले. "अगदी एक झाल्या." आणि हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

तेवढ्यात शेजारच्या होडीवरून दातांचे डॉक्टर ओरडले. दरवर्षी त्यांची होडी आमच्या बाजूलाच असते आणि दरवर्षी ते काहीतरी ओरडतात. "काय हो, तुमची काठी डावीकडे वाकलीय की माझीच मान आखडलीय?"

भावोजींनी चष्मा लावला आणि वर बघितलं. मान डॉक्टरांची आखडली नव्हती. फळीपर्यंत काठी सरळ होती आणि तिथून वर अशी डावीकडे कलत गेली होती, जशी एखादी म्हातारी दुसरीच्या कानात काही सांगायला वाकते.

त्यांनी तारा सैल केल्या, पुन्हा लावल्या. पुन्हा जुळल्या, पुन्हा काठी डावीकडे. तिसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी दोन्ही शिकंजे सोडवले, ताईचा हात हातात घेतला आणि तळहातावर ठेवले.

"दोन्ही तारा मला सारख्या ऐकू येतात," ते म्हणाले. "सारख्या नाहीत, तरी सारख्या ऐकू येतात. बाईंचं बरोबर होतं. चष्मेवाल्याला आजच फोन करतो, उद्यापर्यंत कशाला ताटकळत ठेवायचं."

ताई ते शिकंजे धरून नुसती उभी होती. तिला रडू आलं असतं तर मी समजूत घातली असती, पण तिचा चेहरा कोरा पडला होता, आणि तो मला बघवेना. मला जे बघवत नाही त्याचा मला राग येतो.

"उठा भावोजी!" मी म्हटलं. "एका काठीवरून माणूस दुकान विकतो का?"

"मेहुणीबाई, आज नको."

"आजच! या मेल्या तारा काय सांगणार तुमच्या कानाबद्दल?" असं म्हणत मी होडीत चढले, मधोमध उभी राहिले आणि दोन्ही हात पसरून दोन्ही तारा धरल्या. त्या गदागदा हलवायच्या एवढाच माझा विचार होता, राग कुठेतरी काढायला हवा ना. पण हलवल्या नाहीत. मी कपडे शिवते. दिवसभर बोटांतून दोरा जातो, आणि जाड रीळ चुकून हातात आलं तर बघावं लागत नाही, आपोआप हात थबकतो. तसा थबकला.

"ताई," मी म्हटलं, "ही डावी तार जाड आहे."

"काहीतरीच काय," भावोजी म्हणाले. "दोन्ही एकाच वेळी घेतलेल्या आहेत."

ताईने तोंडावर हात ठेवला. "अहो," ती म्हणाली, "ती डावी नवीन आहे."

डॉक्टरांनीही हातातलं काम खाली ठेवलं. 

मग ताईने सांगितलं. थंडीत वार्निश करताना डाव्या तारेचे पीळ वर फासापाशी तुटलेले तिला दिसले, एक तर बोटातच घुसला. भावोजी तेव्हा नुकतेच घरी बसायला लागले होते. आता आणखी काही बिघडलंय हे त्यांना सांगायचा तिला धीर होईना, आणि तुटकी तार तशीच ठेवली तर काठी एखाद दिवशी त्यांच्याच डोक्यावर यायची. म्हणून जुनी तार घेऊन ती होडीच्या सामानाच्या दुकानात गेली आणि तेवढ्याच लांबीची नवी करून आणली. "म्हटलं आणतेच आहे तर जरा जाड आणावी, मजबूत होईल. आणि ती चकचकत होती हो, म्हणून तिला जुनं तेल आणि धूळ चोळली. तुम्हाला दिसू नये म्हणून."

"मला दिसू नये म्हणून?" भावोजी म्हणाले. "अगं, मला दिसेल अशी भीती वाटली तुला? मला?"

इथे मी हसले. मला माहीत आहे की हसायला नको होतं.

भावोजी उठून उभे राहिले, डाव्या तारेला नाक लावून बघितलं, मग उजव्या. "जाड तार त्याच सुरात आणायची म्हणजे तिला जास्त ताणावी लागणार," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि जास्त ताणली की काठी तिच्याकडे जाणार. अरे देवा. मी तारा विकतो! जाडीचा नंबर वाचल्याशिवाय मी दुकानात पाकिटाला हात लावत नाही, आणि इथे..."

"इथे चष्मा टोपीत," मी म्हटलं.

ताईचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमचा कान चांगला आहे! माझीच चूक होती!"

"नाही गं." भावोजी हळूच म्हणाले. "कान चांगला आहे असं नाही ठरत. परीक्षा चुकीची होती एवढंच ठरतं." ते खरं होतं, आणि ते अगदी सरळपणे म्हणाले.

काठी तरी सरळ करू, म्हणून मग आम्ही इतर लोक करतात तसं केलं. शीड चढवायची दोरी काठीच्या टोकावरून खाली येते. ताईने तिचं टोक ताणून डाव्या काठाला टेकवलं, तिथे दोरीला चिकटपट्टीची खूण केली, मग तेच टोक उजव्या काठाला नेलं. खूण चार बोटं वर राहिली. भावोजी डावा स्क्रू सैल करत गेले, ताई दोरी इकडून तिकडे नेत राहिली. "अजून." "अजून थोडं." "आता बास म्हटलं ना!" नवऱ्याला हुकूम सोडायला मिळाले की ताईचा आवाज किती खणखणीत होतो ते तळ्याला त्या दिवशी कळलं. दोन्हीकडे खूण बरोबर टेकली. डॉक्टरांनी मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "झकास." स्क्रू फिरू नयेत म्हणून भावोजींनी त्यांत पिना घातल्या, त्यांची टोकं वाकवली आणि शीड फाटू नये म्हणून वर चिकटपट्टी गुंडाळली.

आता शीड चढवायचं आणि निघायचं. पण भावोजी निघेनात. ताईकडून त्यांनी शिकंजे मागून घेतले, पुन्हा सारख्या उंचीवर आवळले, चष्मा काढला. डावी छेडली. उजवी छेडली. आता दोन सूर निघाले, माझ्यासारखीलाही कळावेत इतके वेगळे. जाड तार खाली बोलत होती.

त्यांनी पुन्हा छेडल्या. होडीच्या काठावर बोटं ठेवून पट्ट्या मोजाव्यात तसं एकेक बोट सरकवलं.

"काठी सरळ आहे, म्हणजे ताण सारखा," ते पुटपुटले. "लांबी सारखी. म्हणजे सुरात जो फरक आहे तो फक्त जाडीचा. तीन पट्ट्यांचा आहे. जुनी तार अडीच मिलिमीटरची..." पुन्हा एकदा डावी छेडली, मान कलती करून ती विरेपर्यंत ऐकली. मग डोळे न उघडताच म्हणाले, "तीन मिलिमीटरची आणलीस. हो ना?"

ताईने किती जाडीची तार आणली ते आम्हाला सांगितलंच नव्हतं. जरा जाड, एवढंच म्हणाली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडं होतं.

"हो, तीनची," ती म्हणाली. "पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हिने," भावोजी म्हणाले आणि तारेवर हात ठेवला. "साडेतीनची असती तर आणखी खाली बोलली असती."

ताई होडीखालच्या चाकांच्या गाड्याच्या कडेवर बसली आणि मोठ्याने रडायला लागली. काठी वाकली तेव्हा रडली नव्हती, दुकान जाणार म्हटल्यावर रडली नव्हती, ते सगळं आत्ता बाहेर आलं, डॉक्टरांच्या आणि अख्ख्या तळ्याच्या देखत. भावोजी गडबडले. होडीतून उतरून तिच्यापाशी गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवावा की खांद्यावर ते त्यांना ठरवता येईना, शेवटी एक इथे आणि एक तिथे ठेवला.

"अगं, जाड आणलीस म्हणून मी रागावलो नाही. चांगली आहे की तार."

"तारेसाठी कोण रडतंय!" ताई हुंदके देत म्हणाली. "दुकान, दुकान उघडणार ना?"

"उघडणार. आधी बाईंकडे जाईन. पियानो माझ्याकडून चुकला असेल तर पुन्हा लावून देईन, फुकट. कान एवढा शाबूत आहे म्हटल्यावर चूक ऐकायला कसली भीती?"

"आणि चष्मेवाला?" मी विचारलं.

"त्याच्याकडे तर जावंच लागणार," भावोजी म्हणाले. "मेहुणीबाई, बायकोने एवढी जाड तार आणून बांधली आणि मला दिसली नाही. नंबर वाढलाय माझा."

ताई रडता रडता हसली. मग दोघांनी शीड चढवलं आणि होडी पाण्यात ढकलली. मला 'या' म्हणाले नाहीत आणि मीही गेले नाही. वाऱ्याने शीड भरलं, तारा गुणगुणायला लागल्या, आणि लांबून मला दिसलं की भावोजी ताईला काहीतरी ऐकवतायत आणि ती मान डोलावतेय, तिला त्यातलं काडीचं कळत नसताना. डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यांत काय गेलं? वाऱ्याने काहीतरी गेलं असं मी म्हणणार होते, पण म्हटलं कशाला खोटं बोला. रडत होते.